दुसरी गाठ

आटपाट शिवार होतं. सोलापूरच्या अंगाचं, काळ्याभोर रानाचं. शिवारात तारेचं कुंपण, आणि कुंपणाच्या आत ज्वारीचं संशोधन केंद्र. तिथं एक होते मौलालीचाचा, तीस वर्षं ज्वारीची लग्नं लावणारे. आणि एक होती महादेवी हिरेमठ, नवीकोरी लॅब टेक्निशियन. तिच्या अंगात पांढरा कोट असे. इस्त्री कोटाला होतीच, बोलण्याला जास्त होती.

"चाचा, ही दुसरी गाठ कशाला?"

पौषातली दुपार होती. चाचांनी कणसावर खाकी कागदाची पिशवी चढवली होती आणि खाली दोरा आवळला होता. एक गाठ मारली. जरा थांबले. मग तिच्यावर दुसरी मारली.

"इथं लागली, म्याडम."

"शेजारच्या कणसाला तर एकच आहे."

"तिथं एकीनं भागलं."

"म्हणजे काय? नियम काय आहे याचा?"

चाचांनी चिमटा स्पिरीटच्या बाटलीत बुडवला, कानामागं खोचला. सांगायला तोंड उघडलं…

तोवर महादेवी पुढच्या ओळीत गेली होती.

तिला वाटलं, अडाणी माणूस, हाताची सवय, दुसरं काय. चाचांना लिहिता येत नव्हतं, वाचता येत नव्हतं. लेबलवर आईचं नाव कुठलं नि बापाचं कुठलं, हे ते शब्दाच्या लांबीवरून ओळखत. महादेवी तालुक्यातली पहिली बी. एस्सी. झालेली मुलगी. तिनं त्यांच्याकडून काय शिकायचं?

पण शिकायला तर तिला त्यांच्याच हाताखाली धाडलं होतं. गद्रेसाहेब, म्हणजे केंद्राचे मोठे शास्त्रज्ञ, पहिल्याच दिवशी म्हणाले होते, लॅबमध्ये जे तपासायचं ते रानात कसं तयार होतं ते आधी बघा. एक हंगाम चाचांच्या मागं फिरा. महादेवी फिरत होती. मागं नाही, पुढं.

ज्वारीचं लग्न सोपं नसतं, बरं का. ज्वारीच्या एकाच फुलात आईही असते आणि बापही असतो. परक्या वाणाचा बाप आणायचा, तर घरचा बाप आधी काढून टाकावा लागतो. दुपार कलली की मांडी घालून बसायचं, कणीस मांडीवर वाकवून घ्यायचं, चाळीसएक फुलं ठेवून बाकीची खुडायची, आणि चिमट्यानं एकेका फुलातले तीन-तीन केसर उचलायचे. फूल तिळाएवढं. श्वास जोरात सोडला तरी हात हलतो. मग पिशवी चढवायची आणि दुसऱ्या सकाळी उन्हं वर आली की बापाकडची पिवळी भुकटी आणून शिंपडायची.

एखादा केसर चुकून राहिला, तर घरचंच बी धरतं. आणि आपण मात्र जावई आला म्हणून पेढे वाटत बसतो.

त्या साली चाचांनी अशी चौसष्ट कणसं केली. आई होती गावरान शाळू. भाकरी अशी की नुसती खावी. पण तिला खडखड्या लागायचा. दाणा भरायच्या ऐन वेळी ताट आतून पोकळ होई, वाऱ्यावर खडखड वाजे आणि भुईवर निजे. बाप होता कुठल्याशा माळरानातला, दाण्याला राठ, पण ताठ. खडखड्याला जुमानत नसे.

महादेवीला खडखड्या कुणाला पुस्तकात दाखवावा लागला नव्हता. अक्कलकोटकडं तिच्या अप्पांचं, इरय्या हिरेमठांचं, आठ एकर काळं रान होतं. दरसाल संक्रांतीच्या सुमारास अप्पा बांधावर उभे राहत, आणि उभं पीक त्यांच्या डोळ्यांदेखत आडवं होई. लहानपणी तिला तो आवाज आवडायचा, खुळखुळ्यासारखा. अप्पांचा चेहरा बघायला शिकली त्या वर्षापासून नावडता झाला.

म्हणून ती ज्वारीत आली. हट्टानं आली. अप्पांनी एक वर्षाची मुदत दिली होती. नोकरी वर्षाच्या बोलीवर होती. मार्चअखेर कायम झालीस तर राहा, नाहीतर घरी ये, स्थळ बघून ठेवलंय, असं त्यांनी स्टँडवर, एस. टी. सुटता सुटता सांगितलं होतं. अप्पांचा शब्द म्हणजे बैलाची वेसण. ओढली की मान वळलीच पाहिजे.

माघात कणसं पिकली. कापून आणली, सावलीत टांगली. तेवढ्यात चाचांच्या डाव्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख आली. मोतीबिंदू. पंधरा दिवस रजा.

जाताना ते लॅबच्या दाराशी आले. चपला बाहेर काढून उंबऱ्याशीच उभे राहिले. लॅबमध्ये ते कधी आत येत नसत.

"म्याडम, कणसं हाय तशी ऱ्हाऊ द्या. मी आल्यावर बघू."

"बरं."

"दोऱ्याला हात न्हाई लावायचा."

"बरं म्हटलं ना, चाचा."

चाचा गेले. महादेवीनं टांगलेल्या कणसांकडं पाहिलं. चौसष्ट कणसं, आणि त्यांच्यावर मळके, घामट, पिळे पडलेले सुती दोरे. पेन्सिलीनं लिहिलेली लेबलं अर्धी पुसलेली. नव्या लॅबला हे शोभत नव्हतं. उद्या वरून तपासणीला कुणी आलं तर काय म्हणेल?

तिनं टाइप केलेली पांढरीशुभ्र लेबलं करून घेतली. एक ते चौसष्ट. सोबत प्लॅस्टिकच्या क्लिपा. कात्री घेतली आणि एका दुपारात सगळे दोरे कापले. सुपात गोळा झाले तर मूठभरसुद्धा भरले नाहीत. खताच्या खड्ड्यात टाकले.

संध्याकाळी टांगलेल्या कणसांच्या रांगेकडं बघून तिला फार बरं वाटलं. शाळेतल्या मुलींसारखी सगळी एका गणवेशात.

दुसऱ्या दिवशी गद्रेसाहेब आले. लेबलं बघून मान डोलावली. नीटनेटकं काम म्हणाले. आणि जाता जाता, सहज…

"चाचांची दुहेरी गाठीची कणसं वेगळी काढलीत ना?"

महादेवीला कळेना.

साहेबांनी समजावून सांगितलं. केसर काढताना शिंक आली, वारा सुटला, हात हलला, डोळ्यापुढं अंधारी आली, जिथं जिथं मनात किंतु आला त्या कणसाला चाचा दुसरी गाठ मारतात. तीस वर्षांची रीत आहे. एका गाठीचं बी बिनघोर एकत्र करायचं; दुहेरी गाठीचं आधी तपासायचं. यंदा तर बी आठ दिवसांत दूरच्या केंद्रावर उन्हाळी पेरायला जायचं होतं. तिथं सगळं एकत्र पेरणार, एकत्र कापणार. खोटं बी त्यात गेलं की गेलं. पुढच्या पाच वर्षांच्या कामात ते विरजणासारखं पसरेल आणि कुठून आलं ते कुणाला उमगणार नाही.

"तपासायची औषधं थोडीच उरलीत," साहेब म्हणाले. "सातआठ कणसांपुरती. तेवढी पुरतात दरवर्षी."

"…काढते, सर."

साहेब गेले.

महादेवी खताच्या खड्ड्याकडं गेली. त्यावर सकाळीच शेणाची पाटी पडली होती. काडीनं उकरलं. दोरे होते. पण दोरा कुठल्या कणसाचा हे दोऱ्याला थोडंच सांगता येतं?

दोन दिवस तिला जेवण गेलं नाही. सांगावं तर मार्च तोंडावर. कायमचा कागद साहेबांच्या टेबलावर. मेसमधल्या ताटात भाकरी आली की तिला अप्पांचा बांध दिसे, आणि बांधाच्या पलीकडं ते न पाहिलेलं स्थळ.

तिसऱ्या दिवशी तिनं चौसष्टातली पाच कणसं काढली. कशावरून काढली म्हणाल, तर कशावरूनच नाही. दिसायला जरा विरळ होती म्हणून. साहेबांना म्हणाली, ही दुहेरी गाठीची.

आणि तपासलं मात्र मन लावून, अगदी पुस्तकाबरहुकूम. पाचांचं बी ओल्या कागदात रुजवलं, कोंब खलून त्यातून रस काढला, रस जेलीत सोडला, जांभळ्या दिव्याखाली धरला. आईची एक रेघ, बापाची एक रेघ. दोन्ही दिसल्या तर लेकरू खरं. नुसती आईची दिसली तर घरचंच.

पाचही कणसांच्या पोरांना दोन-दोन रेघा होत्या.

महादेवीनं देवाला हात जोडले. गद्रेसाहेब खूश झाले. हसून म्हणाले, यंदा चाचांच्या शंका सगळ्या फुकट गेल्या. वय झालं. हाताआधी माणसाचं मन थरथरायला लागतं.

महादेवी काही बोलली नाही. तिला वाटलं, सुटले. पण ते वाक्य चपलेत गेलेल्या खड्यासारखं आत राहिलं. चालताना टोचायचं.

बी पाठवायच्या आदल्या दिवशी चाचा आले. डाव्या डोळ्यावर हिरवी पट्टी, उजवाही अधू. फाटकापाशीच त्यांना साहेब भेटले होते. तेच वाक्य साहेबांनी गमतीनं त्यांनाही ऐकवलं होतं.

ते लॅबच्या दाराशी आले. चपला काढल्या. आणि त्या दिवशी पहिल्यांदा उंबरा ओलांडून आत आले.

"म्याडम… किती निघाली?"

"पाच."

"पाच."

त्यांनी अंगठा करंगळीच्या पेरावर ठेवला. एक पेर, दुसरं पेर, तिसरं… अंगठा सातव्या पेरावर येऊन थांबला. मग त्यांनी मूठ मिटली.

"पाची खरी?"

"हो."

"बरं झालं."

ते स्टुलावर बसले. खिडकीतून रान दिसत होतं. नुसती धसकटं उरलेलं. मग त्यांनी सदऱ्याच्या खिशातून सुताचं रीळ काढलं. टेबलावर ठेवलं.

"कणसं आणा बरं जरा."

महादेवीनं चौसष्टच्या चौसष्ट आणून ठेवली. पांढरी लेबलं, क्लिपा. चाचांनी एका क्लिपेवर बोट फिरवलं.

"मला पट्टी हाय. दिसायचं न्हाई. दोरा तुमी बांधा."

"आता? बी उद्या जाणार आहे, चाचा. क्लिपा आहेत की."

"बांधा. येकेक. जिथं खात्री हाय तिथं येक गाठ. जिथं शंका हाय तिथं दुसरी."

"मला कशी शंका येणार? क्रॉस तुम्ही केलेत."

"लेबल तुमचं हाय."

महादेवीनं रीळ उचललं. दोरा तोडला. पहिल्या कणसाला एक गाठ मारली आणि बाजूला ठेवायला गेली. हात अर्ध्यात थांबला…

तिनं ते परत मांडीवर घेतलं. दुसरी गाठ मारली.

दुसरं कणीस घेतलं. एक गाठ. मग दुसरी.

तिसरं.

चाचा खिडकीबाहेर बघत होते. नुसता दोरा तुटल्याचा आवाज यायचा, कट, आणि जरा वेळानं पुन्हा कट. ती पाच कणसं आली, तपासलेली, दोन-दोन रेघांची. तिनं त्यांनाही दुसरी गाठ मारली. एकेकाच्या पाचसहा कोंबांच्याच रेघा बघितल्या होत्या. कणसात दाणे चाळीस होते.

साडेपाचचा भोंगा झाला. रोजंदारीच्या बाया बोलत बोलत फाटकाबाहेर गेल्या. बोटांना दोऱ्याचे वळ उठले होते. चौसष्टाव्या कणसाची गाठ मारताना बोटांच्या घामानं दोरा ओला झाला, म्हणून घट्ट बसली.

"झालं?"

"झालं."

"दुसरी गाठ किती जणांना?"

"…सगळ्यांना, चाचा."

चाचांनी मान हलवली.

मग तिनं सगळं सांगितलं. कात्री, सूप, खड्डा, पाच कणसं. सांगताना ती रडली नाही. रडणं आलं ते शेवटी, साहेब काय म्हणाले आणि आपण कसं गप्प राहिलो, ते सांगताना.

"माज्या सात होत्या, बेटी. कुठल्या, ते दोऱ्यालाच ठावं," चाचा म्हणाले.

म्याडमची बेटी झाली ती त्या संध्याकाळी.

"तुम्हाला आल्या आल्या कळलं होतं?"

"पाच म्हनालीस तवा."

"मग साहेबांना का नाही सांगितलंत?"

चाचा उठले. भिंत धरून दारापर्यंत गेले, पायानं चाचपून चपला घातल्या.

"माजी गाठ मी मारली होती. तुजी मी कशी मारू?"

ती तशीच साहेबांच्या खोलीत गेली. साहेबांनी ऐकून घेतलं. चष्मा काढला, पुसला, परत घातला. रागावले असते तर तिला सोपं गेलं असतं. त्यांनी बी पाठवायचं थांबवलं. दूरच्या केंद्राला कळवलं. आणि कायमचा कागद टेबलावरून उचलून खणात ठेवला. महादेवीची मुदत वर्षानं वाढली. म्हणाले, औषधं नाहीत, आता एकच उपाय. प्रत्येक कणसाची वेगळी ओळ पेरायची आणि वाट बघायची. आईच्या पानाची मधली शीर पोपटी, बापाची पांढरी. खरं लेकरू या बाबतीत बापावर जातं. चाळीस दिवसांत पान आपणच सांगेल.

"पाणी कोण घालणार?" साहेबांनी विचारलं. "उन्हाळा आहे."

"मी," महादेवी म्हणाली.

विहिरीजवळ चौसष्ट ओळी पेरल्या. फाल्गुन सरला, चैत्र आला. सोलापूरकडचा चैत्र म्हणजे तवाच. ती सकाळी रानात, दुपारी लॅबमध्ये, उन्हं कलली की परत रानात. पांढरा कोट खुंटीला लटकलेला असे. डोक्याला पंचा, हातात झारी.

मार्चअखेर चाचा निवृत्त झाले. नारळ झाला, शाल झाली, फोटो झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला त्यांची सायकल नेहमीसारखी फाटकातून आत आली. साहेबांनी विचारलं, तर म्हणाले, सायकलीला निवृत्तीचा कागद वाचता येत नाही.

महादेवीला त्या दिवसांइतके दुसरे दिवस आठवत नाहीत. नंतर किती वर्षं गेली, पदं आली, सभा झाल्या. पण डोळे मिटले की तो विहिरीचा काठ दिसतो. चाचा बांधावर बसलेले, थर्मासच्या झाकणात चहा. अर्धा तिला, अर्धा त्यांना. खाकी पिशव्यांचा वास, स्पिरीटचा वास, ओल्या काळ्या मातीचा वास. चाचा तिला कानांनी केसर काढायला शिकवत. म्हणायचे, चिमट्यात केसर आला की हाताला कळतं, निसटला की कानाला कळतं. तिला कानाला काही कळत नसे. ते म्हणायचे, मग गप बस जरा, कळंल.

आता तिथं पिशव्यांना स्टेपल मारतात. झटकन होतं. वाईट आहे असं नाही. पण स्टेपल एकच बसते.

एप्रिलात अप्पा आले. हातात रिकामी ट्रंक, तिचं सामान न्यायला. ती रानात आहे कळलं म्हणून तसेच ट्रंक घेऊन रानात आले. लेक पायात चिखल घेऊन वाफ्यात वाकलेली. अप्पा बांधावर उभे राहिले, जसे घरच्या बांधावर राहत.

"कायम झालीस?"

"नाही, अप्पा."

"मग हे काय चाललंय?"

"चूक केली होती. ती निस्तरतेय."

अप्पांनी चाचांकडं पाहिलं. चाचांनी चहाचं झाकण पुढं केलं. अप्पा सोवळ्याओवळ्याचे, घराबाहेर कुणाच्या हातचं पाणी घेत नसत. झाकण बराच वेळ तसंच पुढं राहिलं…

अप्पांनी ट्रंक आडवी टाकली, तिच्यावर बसले आणि चहा घेतला.

"तुमची पोर काय चुकली म्हणता?" त्यांनी चाचांना विचारलं.

"पोर तुमची हाय," चाचा म्हणाले. "चूक आमच्या दोघांची. म्यापण येकदा इचारल्यावर सांगून टाकलं न्हाई. ती पुढं ग्येली, म्यापण जाऊ दिलं."

अप्पांनी मग ओळींतून एक फेरी मारली. ताटं हातात धरून बघितली, वाकवून बघितली. ही पडत नाहीत का, असं विचारलं. महादेवी म्हणाली, माहीत नाही अप्पा, अजून सांगता येत नाही. अप्पा तिच्याकडं बघत राहिले. लेक काही माहीत नाही म्हणतेय हे त्यांनी जन्मात पहिल्यांदा ऐकलं होतं.

संध्याकाळच्या गाडीनं ते परत गेले. ट्रंक रिकामीच नेली.

चाळिसाव्या दिवशी दोघं ओळी तपासायला निघाले. पान उलटायचं, शीर बघायची. पांढरी… पांढरी… पांढरी. अकराव्या ओळीत पहिली पोपटी दिसली. महादेवीनं झाडाला दोरा बांधला. मग सव्विसावी. मग एकतीस, बत्तीस. चाचांची पट्टी आता निघाली होती, पण ते बघत नव्हतेच. ती बोले आणि ते पेरांवर मोजत.

चौसष्टावी ओळ संपली.

"आठ," महादेवी म्हणाली. "आठ ओळींत खोटी झाडं आहेत."

चाचांचा अंगठा आठव्या पेरावर होता.

"गाठी सातच होत्या," ते म्हणाले.

"हो."

"म्हंजे निदान येका ठिकाणी…"

ते बांधावर बसले आणि हसायला लागले. हसता हसता धुतलेल्या डोळ्यातून पाणी आलं. तीस वर्षं, म्हणाले, तीस वर्षं मी माझ्या शंकेवर खात्री धरून बसलो.

महादेवीनं मनातल्या मनात हिशेब केला. दोरे जागेवर असते, तर सात कणसं तपासली असती. निदान आठवं तरी एका गाठीचं म्हणून बिनघोर बाकीच्यांत गेलं असतं.

"मग… मी दोरे कापले ते बरं झालं म्हणायचं?"

चाचांचं हसू थांबलं.

"दोरे कापलेस ते वाईटच."

"आणि?"

"चौसष्ट बांधलेस ते बरं."

खोटी झाडं त्याच दिवशी उपटली. उरलेल्यांचं बी धरलं. पुढच्या मार्चला खणातला कागद टेबलावर आला आणि महादेवी कायम झाली. एका बीचं दुसरं झालं, दुसऱ्याचं तिसरं. निवड, पुन्हा निवड. दर हंगामाला ती स्वतः पिशव्या चढवी, आणि जिथं हात हलला तिथं दुसरी गाठ मारी. नव्या पोरींनी विचारलं की काम थांबवून सांगे. पोरी पुढं निघाल्या तर हाक मारून मागं बोलवी.

बारा वर्षं गेली.

तेराव्या वर्षी वाण मंजूर झाला. दाणा आईचा, ताठा बापाचा. पहिलं बी तिनं अप्पांच्या आठ एकरांत पेरलं. त्या साली खडखड्या असा आला की आजूबाजूची शिवारं संक्रांतीआधीच भुईला लागली. अप्पा आता काठी टेकत चालायचे. रोज बांधावर जात, कानामागं हात धरून उभे राहत. वाजतंय का ऐकत.

वाजलं नाही. आठ एकर उभं राहिलं. वारा आला की पुरुषभर पीक सगळं एकदम वाकायचं आणि एकदम सरळ व्हायचं. हिरेमठांच्या खळ्यावर इतकी रास त्यांच्या आज्यानंही पाहिली नव्हती. महादेवीच्या आईनं पहिली भाकरी केली. गोल, पांढरी, फुगलेली. अप्पांनी ती मोडली, पहिला घास लेकीला दिला आणि उरलेली भाकरी, केळीच्या पानात बांधून, वेगळी काढली. म्हणाले, ज्यानं मला चहा दिला त्याला नेऊन दे. आणि दाणेही ने.

महादेवी निघाली. चाचांचं गाव केंद्रापासून दोन कोसांवर. कडुलिंबाच्या झाडाखाली बाजेवर ते बसले होते. आता दोन्ही डोळ्यांनी दिसत नव्हतं. पण पाऊल ओळखलं.

"ये, बेटी."

तिनं भाकरी दिली. त्यांनी एक तुकडा मोडून तोंडात टाकला, डोळे मिटून चावला. चव आईची हाय, शाळूची, म्हणाले. मग तिनं दाण्यांची पिशवी मांडीवर ठेवली. खास शिवली होती, मांजरपाटाची. तोंड सुती दोऱ्यानं बांधलेलं. नीट, निवांत, देवासमोर बसून बांधलेलं.

चाचांची बोटं पिशवीवरून फिरली. दाणे चाचपले. बोटं वर गेली, दोऱ्यावर आली. पहिली गाठ लागली. मग दुसरी.

तिथं थांबली…

"ही कशाची?"

महादेवी हसली. याच प्रश्नाची वाट बघत ती इतक्या लांब आली होती.

"दुसरी गाठ, चाचा."

"ते कळलं. शंका कसली हाय?"

"शंका कसली? बारा वर्षं झाली. प्रत्येक ओळ मी बघितलीय. आठ एकरांत एक ताट पडलं नाही."

"मग?"

"…तुमची आठवण म्हणून मारली."

लिंबाची दोन पिवळी पानं बाजेवर पडली. चाचांनी पिशवी उचलली, अंदाजानं तिच्या हातात परत दिली.

"शंका न्हाई ना?"

"नाही."

"मग सोड ती, बेटी. येकीनं भागतं."